कलम पाचचा कर्ता

एलिओदोरो लास्प्रिया वकील नव्हता. काली शहरात जाऊन कायद्याची दोन वर्षं त्याने काढली होती. तिसऱ्या वर्षी परीक्षेने त्याला नाकारलं की त्याने परीक्षेला, यावर ग्वासिमाल गावात दोन मतं होती. परतला तो गळ्यात टाय बांधूनच, आणि पुढं एकेचाळीस वर्षं, उसाच्या फडांची राख गावावर पडत असो की अंगाची लाही होत असो, त्याने तो सोडला नाही. आमच्याकडे टाय घालणाऱ्याला डॉक्टर म्हणतात. त्याच्यापुढे कुणी नाडी धरत नाही, कागद धरतात.

पालिकेसमोरच्या ओसरीत त्याचा टाइपरायटर होता. तिथे बसून तो अर्ज लिही, मृत्युपत्रं लिही, शेजाऱ्याच्या कोंबड्यांविरुद्ध तक्रारी लिही. पण त्याचं खरं नाव झालं होतं ते सहकारी संस्थांमुळे. संस्था काढायची तर कायदा पहिल्यांदा एकच विचारतो: कशासाठी? उद्देश कायद्याला धरून हवा, सभासदांच्या भल्याचा हवा आणि लिहिलेला हवा. आता गावात जो संस्था काढायला निघे, त्याच्याकडे उद्देश असायचाच. फक्त तो लिहिण्यासारखा नसायचा. या दोन गोष्टींमधल्या फटीत एलिओदोरोचा संसार चालला होता.

एकदा बावीस बसवाले आले. तेविसाव्याला रस्त्यावर येऊ द्यायचं नाही, एवढाच त्यांचा उद्देश. एलिओदोरोने तो ‘प्रवाशांना सन्मानाचा प्रवास’ या शब्दांत बसवून दिला. बिलियर्डवाला आर्सेसिओ आला. निवडणुकीच्या दिवशी दारू विकायला बंदी असते. पण सभासदांनी आपल्याच घरात आपलीच दारू प्यायली तर ती विक्री कशी, असा त्याचा सरळ सवाल होता. त्याची संस्था सभासदांच्या सांस्कृतिक उन्नतीसाठी नोंदली गेली, आणि मतदानाच्या संध्याकाळी उन्नत झालेल्यांना हातगाडीवरून घरी पोचवावं लागलं. शवपेट्या करणारे तीन सुतार, संख्या भरावी म्हणून सगळे मेहुणे बरोबर घेऊन आले. त्यांचा उद्देश लिहिला गेला: सभासदांचं व समाजाचं जीवनमान उंचावणे. कालीच्या नोंदणी कचेरीने त्यावर शिक्का मारला. मारताना तिथे कुणी हसलं नाही.

ज्याचा त्याचा खास उद्देश वेगळा असला, तरी या सगळ्यांच्या पोटनियमांत सर्वसाधारण उद्देशाचं कलम पाच एकच होतं. ते एलिओदोरोने अकरा वर्षं घासून घासून केलं होतं, आणि जेवताना तो ते बायकोला म्हणून दाखवायचा: “सभासदांची आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक उन्नती साधणे; त्यांच्या श्रमाची, आरोग्याची व प्रतिष्ठेची जपणूक करणे; आणि आपल्या कामाचा कारभार सभासदांनी स्वतः, समान हक्काने पाहणे.”

रोसमीरा घरामागे चुलीवर चांपुस, म्हणजे मक्याचं दाट गोड पेय, उकळायची आणि दारात विकायची. संसार खरं तर त्यावर चालायचा. टाइपरायटरवर चालला होता तो फक्त एलिओदोरोचा रुबाब. तिने एकदा विचारलं होतं, “आणि हे सगळं घडतं कधी?”

“उद्देश घडायचा नसतो, रोसमीरा. असायचा असतो.”

तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. वेड्याशी वाद नको, अशा हाताने.

असं सुखात चाललेलं असताना साखर कारखान्याचे इंजिनियर तास्कोन एका सकाळी मोटारीतून उतरले. इंजिनियर म्हणजे यंत्रांचे नव्हेत, माणसांचे; ऊसतोडीवर कोण ठेवायचा आणि कोण काढायचा हे ते बघत. ओसरीत ऊन होतं, म्हणून ते थेट घरी आले, पंख्याखाली बसले आणि म्हणाले की कारखान्याला फार दिवसांपासून वाटतंय, तोडीच्या लोकांनी आता स्वतःच्या पायावर उभं राहावं.

“इतके दिवस कुणाच्या पायावर होते?” रोसमीराने आतून विचारलं.

बेत सोपा होता. तोडकऱ्यांनी आपखुशीने सहकारी संस्था काढायची. मग ते कारखान्याचे नोकर उरणार नाहीत; आपापल्या संस्थेचे मालक होतील, आणि मालकाला रजा, दवाखाना, म्हातारपण यातलं काही द्यायचा प्रश्नच येत नाही. त्यांच्या आपखुशीची तारीखही इंजिनियरांनी ठरवून आणली होती. उद्देश त्यांनी एका चिठ्ठीवर लिहिला होता, दोनच शब्दांचा: ऊस तोडणे.

एलिओदोरोला बेतात काही वावगं दिसलं नाही. चिठ्ठी मात्र त्याला झोंबली. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“इंजिनियरसाहेब, हा उद्देश झाला की हुकूम? माझ्या हातून असं नागडं कलम जायचं नाही.”

“तुम्हाला लिहायचं ते लिहा डॉक्टर,” तास्कोन म्हणाले. “वाचतंय कोण?”

त्याने कलम पाच जसंच्या तसं घातलं. बदल्यात त्याला संस्थेचं मानद सचिवपद मिळालं, म्हणजे मंचावर एक खुर्ची आणि छापील कागदाच्या कोपऱ्यात नाव. तो कागद त्याने काच लावून भिंतीवर टांगला.

स्थापनेची सभा क्रीडागृहात झाली. चारशेच्या आसपास तोडकरी ट्रकमधून आणले गेले. दारात प्रत्येकाला एक टोपी आणि डुकराचं मांस घातलेला भात मिळाला. हात वर करा म्हटल्यावर त्यांनी केले, खाली करा म्हटल्यावर खाली केले, आणि दुपारच्या आत गावात चारशे मालक झाले. व्यवस्थापक म्हणून तास्कोनांचा जावई फाब्रिसिओ एकमताने निवडून आला. त्याने भाषण मात्र आदल्या दिवशीच पाठ केलेलं होतं.

त्या चारशेंत रोसमीराचा धाकटा भाऊ प्रिमितिवो बालांता होता. बावीस वर्षं कोयता चालवलेला आडदांड माणूस. तोडीआधी पाचट जाळलेल्या उसाची काजळी त्याच्या मानेच्या घड्यांत अशी बसली होती की रविवारच्या आंघोळीलाही दाद देत नसे. त्याने उभं राहून एक शंका विचारली.

“मी मालक झालो, तर सोमवारी मला रजा द्यायची ती मीच देणार का?”

“अर्थात,” फाब्रिसिओ म्हणाला. “मालकाला कोण अडवणार? फक्त रजेचा पगार द्यायला मालकाच्या वर कुणी नसतो, एवढं ध्यानात ठेव.”

सभागृह हसलं. प्रिमितिवोही हसला. टोपी नवी होती, पोट भरलेलं होतं.

मालकी म्हणजे काय ते पुढच्या तोडीत कळलं. कोयता आपला आपण घ्यायचा; मालकाला हत्यार कोण देतं? हातमोजे आपले, नडगीला बांधायचं कवच आपलं. फडात पाणी साचलं तर दिवस बुडाला, आणि तो मालकाचा बुडाला. ऊस तोडायचे मालक, पण वजन करायचा कारखाना, आणि काट्याजवळ जायला मालकांना मनाई. चार वर्षं अशी गेली, आणि एके दिवशी कोयता वर गेला असताना प्रिमितिवोच्या उजव्या खांद्यात काहीतरी तुटलं. हात खाली आला तो पुन्हा वर गेला नाही.

तो कारखान्याच्या दवाखान्यात गेला. तिथल्या बाईंनी यादी पाहून सांगितलं की तुम्ही आमचे नाही. तो संस्थेत गेला. फाब्रिसिओने त्याला बसायला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि समजावलं की आजारपणाची भरपाई मालकाकडे मागायची असते, आणि मालक तूच आहेस. तेव्हा नीट विचार करून स्वतःला काय ते कळव. कॉफीचा पेला प्रिमितिवोने डाव्या हाताने धरला. मग तो बहिणीच्या घरी आला आणि ओसरीतल्या कातडी खुर्चीत बसला. दिवसभर रस्त्याकडे बघायचा. रोसमीरा त्याच्या खांद्याला सकाळ-संध्याकाळ मलम चोळायची, आणि चोळताना भिंतीवरच्या काचेतल्या कागदाकडे बघायची.

मेहुणा घरात असा बसलेला बघून एलिओदोरोला वाईट वाटत होतं. त्याने दोन अर्जही लिहून दिले, अलंकारिक. त्यांची उत्तरं आली नाहीत. पण या सगळ्याचा आपल्या टाइपरायटरशी काही संबंध असेल, हे त्याच्या मनाला शिवलं नव्हतं.

एका सकाळी तो पांदेबोनो, चीज घातलेला पाव, खात बसला होता. रोसमीरा कपाटातून संस्थेचे पोटनियम घेऊन आली आणि तिने ते त्याच्या बशीशेजारी आपटले.

“वाच.”

“आत्ता?”

“मलम संपलंय. यात आरोग्याची जपणूक आहे ना? लाव त्याच्या खांद्याला.”

तिच्या तोंडाकडे पाहून त्याने बशी बाजूला सारली. कलम पाच वाचलं. वाचायचा तो छान, शेवटच्या शब्दावर आवाज हलकेच उतरवून. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पोटनियम आणून ठेवले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिचा हेतू निव्वळ सूड उगवायचा होता. नवऱ्याच्या घशाला कोरड पडेपर्यंत त्याला त्याचेच शब्द चावायला लावायचे, बस्स. पण चौथ्या दिवशी प्रिमितिवोने रस्त्यावरची नजर काढली.

“त्यात ‘स्वतः’ म्हणताय, ते कोण?”

“सभासद.”

“म्हणजे मी.”

“व्याकरणाने बघितलं तर, हो.”

प्रिमितिवोने खुर्ची एलिओदोरोकडे वळवली. मग त्याने विचारलं की कारभार आपण पाहायचा, तर फाब्रिसिओला ठेवायचा की घालवायचा, हेही त्यात येतं का. एलिओदोरो सवयीने बोलून गेला की ते कलम एकतीसमध्ये आहे, हजर सभासदांचं साधं बहुमत पुरे. बोलला आणि जीभ चावली. पण तोवर प्रिमितिवोने कलम एकतीस काढायला सांगितलं होतं.

पुढच्या सकाळी प्रिमितिवोबरोबर आणखी दोघं बसले होते. एकाचं गुडघ्याचं दुखणं, दुसऱ्याची बोटं वळत नव्हती. आठवड्याभरात ओसरी भरली. कामावर जाणारेही उजाडता उजाडता येऊन बसू लागले. रोसमीरा सगळ्यांना चांपुस द्यायची, आणि एलिओदोरो मध्ये उभा राहून एकेक शब्द सोडवून सांगायचा. ‘समान हक्क’ कशाला म्हणतात. ‘जपणूक’ आणि ‘मदत’ यात फरक काय. उभ्या आयुष्यात त्याचं कलम कुणी दुसऱ्यांदा वाचलं नव्हतं, आणि इथे चाळीस माणसं त्याच्या स्वल्पविरामाचीसुद्धा चौकशी करत होती. तो फुलून आला. आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं म्हणावं, तर तो इतकाही भोळा नव्हता. कळत होतं, पण इतके चांगले श्रोते हातचे कोण घालवील?

वार्षिक सभेला दर वर्षी पन्नासेक माणसं यायची. बाकीच्यांच्या सह्या फाब्रिसिओ आधीच गोळा करून ठेवायचा. त्या वर्षी क्रीडागृहाच्या पायऱ्यांवरही जागा उरली नाही. फाब्रिसिओने गर्दी पाहून ती आपल्या लोकप्रियतेच्या खात्यावर जमा केली आणि अहवाल वाचायला घेतला. तो दुसऱ्या पानावर होता तेव्हा प्रिमितिवो उभा राहिला. डावा हात वर करून त्याने कलम पाच म्हणून दाखवलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, एलिओदोरोसारखाच शेवटी आवाज उतरवून. मग म्हणाला की संस्था जर यासाठी आहे, तर व्यवस्थापक बदलावा असा ठराव मी मांडतो.

पाठीमागून शंभर जणांनी अनुमोदन दिलं.

फाब्रिसिओ हसला. “अरे बाबांनो, ती शोभा असते. कागदाला लागते म्हणून. शवपेटीवाल्यांच्या संस्थेतही हेच लिहिलंय, जाऊन बघा. डॉक्टर, तुम्हीच समजावा यांना.”

एलिओदोरो मानद खुर्चीतून उठला. खरं सांगायचं तर, हो, शोभाच आहे, असंच सांगायला तो उठला होता. फाब्रिसिओ चुकीचं बोलत नव्हता; हे एलिओदोरोइतकं कुणाला ठाऊक होतं? शिवाय मोठ्या गिऱ्हाइकाशी वैर धरणाऱ्यातला तो नव्हे. त्याने घसा साफ केला. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या खुर्चीतून तास्कोन म्हणाले, “आटपा डॉक्टर. असली वाक्यं माझी टायपिस्टही रोज दहा पाडते.”

एलिओदोरो थांबला. मान टायच्या गाठीपर्यंत लाल झाली.

“या कलमाला मला अकरा वर्षं लागली आहेत,” तो म्हणाला. “तुमच्या टायपिस्टला सांगा, प्रयत्न करून बघ म्हणावं.” मग तो सभेकडे वळला. “हे कलम सरकारदरबारी नोंदलेलं आहे. ते रद्द होत नाही तोवर ही संस्था दुसऱ्या कशासाठीही चालवता येत नाही, कायद्याने येत नाही. सचिव या नात्याने मी सांगतो, ठराव मतदानाला घ्या.”

ग्वासिमालमध्ये याला अजून धैर्य म्हणतात. रोसमीरा म्हणत नाही. तिचं म्हणणं, तास्कोन त्या दिवशी तोंड मिटून बसते तर फाब्रिसिओ आजही व्यवस्थापक असता.

फाब्रिसिओ गेला. प्रिमितिवो अध्यक्ष झाला. सभेने ठरवलं की हातमोजे, कोयते आणि दवाखाना मिळाल्याशिवाय, आणि काट्याजवळ आपला माणूस उभा राहिल्याशिवाय, संस्था फडात पाऊल टाकणार नाही. कारखान्याने तीन दिवसांत शेजारच्या गावात दुसरी सहकारी संस्था उभी केली. तिचा उद्देश होता: ऊस तोडणे. पोटनियम टायपिस्टनेच लिहिले होते, आणि त्यात उपयोगी पडेल असा एकही शब्द नव्हता.

मग आमचे मालक कारखान्याच्या फाटकासमोर जाऊन बसले. छत्तीस दिवस बसले. बायकांनी रस्त्यावर चुली मांडल्या आणि भल्या मोठ्या पातेल्यांत सांकोचोचं दाट कालवण शिजवलं. दुसऱ्या संस्थेच्या लोकांना ट्रक आत नेता येईना; शिवाय त्यांच्यातल्या काहींचे चुलतभाऊ इकडे बसलेले, तेही उतरून पातेल्याजवळ आले. टीव्हीवाले आले तेव्हा एलिओदोरोने कॅमेऱ्यासमोर कलम पाच पूर्ण म्हटलं. बातमीत त्यातलं ‘आर्थिक, सामाजिक’ एवढंच आलं, तेही ट्रकच्या भोंग्याखाली.

ऊस एकदा जाळला की तो कुणाची वाट बघत नाही, रस आंबतो. फडांत आंबट वास सुटला तेव्हा कारखाना बोलायला बसला. कोयते मिळाले, हातमोजे मिळाले, दवाखान्याचं दार उघडलं, काट्याजवळ माणूस उभा राहिला. नोकरीत कुणालाही परत घेतलं नाही, आणि निम्मा ऊस दुसऱ्या संस्थेला गेला. एवढ्यावर सगळ्यांनी मिळून ठरवलं की आपण जिंकलो. प्रिमितिवोच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. हात छातीपर्यंत वर येऊ लागला. उसासाठी तो पुरेसा नव्हता.

एलिओदोरोचं मात्र दिवाळं वाजलं. कारखान्याने त्याचं नाव छापील कागदाच्या कोपऱ्यातून काढायला लावलं, त्याचं त्याला इतकं दुःख नव्हतं. पण बसवाले येऊन आपले पोटनियम मागून घेऊन गेले. आर्सेसिओने कानाशी लागून विचारलं की उद्या एखादा पिणारा उभा राहून कारभार मागू शकतो का. शवपेटीवाले सगळ्यांत घाबरले होते. गावाने जीवनमान उंचावून मागितलं तर ते देणार कुठून? कलम बदलून द्या, म्हणजे कामी येणार नाही असं काहीतरी लिहा, असं तोंडावर सांगणारेही निघाले. त्याने नकार दिला आणि ओसरीत रिकाम्या यंत्रापुढे ताठ बसून राहिला. कोंबड्यांच्या तक्रारी तेवढ्या यायच्या.

पावसाळ्यानंतर प्रिमितिवो वीसेक माणसं घेऊन आला. सगळे कुठे ना कुठे मोडलेले. कुणाची पाठ, कुणाचा गुडघा. नदीकाठची पट्टी त्यांनी खंडाने घेतली होती आणि संस्था काढायची होती. एलिओदोरोने हर्षाने कार्बन लावला आणि बोटं आपोआप चालू लागली: सभासदांची आर्थिक, सामाजिक...

“ते नको,” प्रिमितिवो म्हणाला.

“का नको? तुमचंच तर आहे.”

“त्याने फार भांडणं होतात, दाजी. आम्हाला केळी आणि कसाव्याचा कंद लावायचाय. आधी घरी खायचं, उरलं तर विकायचं. तेवढं लिहा.”

एलिओदोरोने पुष्कळ समजावलं की असं लिहीत नाहीत, याला उद्देश म्हणत नाहीत, ही तर नुसती भूक झाली. दुपारभर वाद चालला. शेवटी त्याने ‘सभासदांना पोटभर खायला मिळावं म्हणून केळी व कसावा लावणे’ असं टाइप केलं आणि सही इतकी बारीक केली की ओळखू येऊ नये.

कालीहून कागद परत आला: उद्देश संदिग्ध आहे, कायद्याच्या कोणत्याही वर्गात बसत नाही. आजवर त्याने बेचाळीस खोटे उद्देश नोंदवले होते आणि एकही परत आला नव्हता. त्याला आधी हसू आलं, मग राग. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. तिसऱ्यांदा त्याने तेच वाक्य पाठवलं आणि खाली लिहिलं की संदिग्ध काय आहे ते कळवावं: केळी, कसावा की पोट?

यावर कालीने एक निरीक्षक पाठवला. तोवर घड लोंबायला लागले होते. निरीक्षकाने दोन ताटं तळलेली मासळी आणि केळीचे काप खाल्ले, एक घड मोटारीत ठेवून घेतला, आणि अहवालात लिहिलं की संस्था आपला उद्देश नोंदणीआधीच पार पाडते आहे, ही गंभीर अनियमितता आहे. सात आठवड्यांनी नोंदणी मिळाली.

सचिव होणार का, असं प्रिमितिवोने विचारलं तेव्हा एलिओदोरोने पद मानद आहे का याची चौकशी केली. नाही, प्रिमितिवोने सांगितलं. सचिवाने गुरुवारी केळींना पाणी घालायचं असतं. एलिओदोरो दोन दिवस विचार करतो म्हणाला. आता गुरुवारी जातो. पाणी कमी आणि सूचना जास्त घालतो, अशी सभासदांची तक्रार आहे; पण जातो.